फुकट धडा मुलीपर्यंत कधी पोचतो?



मोबाईलवर आणि संगणकावर आज हजारो धडे, प्रयोग, गणिताचे खेळ फुकट मिळतात. शाळेत बाई ते दाखवतात, मुलं घरी येऊन सांगतात. ही साधनं आली कुठून, आणि आपल्या मुलींपर्यंत पोचताना ती कुठे अडतात, याचा इतिहास आज थोडक्यात पाहू.

सुरुवात करू पुण्याच्या भिडे वाड्यापासून. १८४८ साली जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी तिथे मुलींची शाळा काढली. शाळा होती, शिकवायला सावित्रीबाई होत्या. तरी मुलीला उंबरठ्याबाहेर पाठवायचं की नाही, हे घरातली मोठी माणसं ठरवायची. हा उंबरठा लक्षात ठेवा. तो आपल्याला पुढेही भेटणार आहे.

आता शंभर-सव्वाशे वर्षं पुढे येऊ. १९७२ साली मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात विज्ञान शिकवण्याचा एक नवा कार्यक्रम सुरू झाला. त्याचं सांगणं साधं होतं: पाठ करू नका, करून बघा. काही वर्षांनी अरविंद गुप्ता नावाचे एक इंजिनियर तिथे गेले. त्यांनी काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी घेऊन आकार जोडले. काड्यांचा त्रिकोण दाबला तरी हलत नाही, चौकोन मात्र लगेच तिरका होतो. छपराच्या कैचीत त्रिकोण का असतात, हे मुलांना हातानेच कळतं. पुढे पुण्यात आयुका संस्थेच्या विज्ञान केंद्रात त्यांनी टाकाऊ वस्तूंपासून अशी कितीतरी खेळणी बनवली. ती कशी करायची हे आणि मराठीसह अनेक भाषांतली पुस्तकं त्यांनी आपल्या वेबसाईटवर सगळ्यांसाठी मोफत ठेवली.

त्याच सुमारास परदेशातही असं काम सुरू होतं. २००१ साली ऑस्ट्रियात मार्कुस होहेनवार्टर यांनी जिओजिब्रा बनवलं. त्यात त्रिकोणाचं टोक ओढलं की कोन बदलतात, पण बेरीज १८० अंशच राहते. २००२ साली अमेरिकेत नोबेल विजेते शास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी फेट हा प्रकल्प सुरू केला. त्यात पडद्यावरच वायर, बॅटरी, बल्ब जोडायचे. जोडणी चुकली तर बल्ब लागत नाही, पुन्हा जोडायचं. शॉकची भीती नाही, सामान विकत आणायला नको. यातले बरेच प्रयोग मराठीतही आहेत आणि एकदा उतरवून घेतले की इंटरनेटशिवाय चालतात. जिथे रेंज येते-जाते, त्या गावासाठी ही मोठी सोय आहे.

आपल्याकडे सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडले. चौकोनी ठिपक्यांचं ते चित्र मोबाईलने टिपलं की धड्याचा व्हिडिओ किंवा कविता सुरू होते. २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, आणि त्यातली अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटली. आज बालभारतीच्या पुस्तकांवरही असे कोड दिसतात. २०१७ साली सुरू झालेल्या सरकारच्या दीक्षा ॲपवर त्यांचे धडे उघडतात.

मग तोच उंबरठा पुन्हा आला. २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि शाळा मोबाईलवर गेली. आपण सगळ्यांनी घराघरात पाहिलं: फोन एकच, तो दिवसभर वडिलांबरोबर कामावर. संध्याकाळी आला की आधी भावाच्या हातात. ताईच्या वाट्याला चूल, भांडी आणि धाकट्याला सांभाळणं. धडा फुकटच होता, पण तिच्या हातात फोन नव्हता.

म्हणून आम्हाला वाटतं, साधन मोफत झालं की काम अर्धंच होतं. उरलेलं अर्धं घरात आणि वर्गात करावं लागतं, आणि ते आपल्या हातात आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सरकारी आणि अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती आहे. तिच्यात तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असायला हव्यात. नाव नुसतं कागदावर असेल तर बैठकीला जा. विचारा: संगणक चालू आहे की कपाटात कुलूपबंद? प्रयोग उतरवून ठेवलेत का? माऊस कोणाच्या हातात असतो? मुलगे चालवतात आणि मुली मागे उभं राहून बघतात, असं असेल तर पाळ्या लावायला सांगा.

आणि घरी रोज अर्धा तास फोन लेकीचा, असं ठरवून टाका. जमलं तर शेजारी बसा. पडद्यावरचा बल्ब पेटवायला आपल्यालाही आवडेल.

बरं तर मैत्रिणींनो, येते आम्ही. पुन्हा भेटू.