तलवारीपासून विळीपर्यंत : बडोद्याचा शिकलगार

खंडेनवमीला बडोद्यातल्या मराठी घरांत पूजेला काय मांडतात ते पाहा. एखाद्या घरी पणजोबांची तलवार निघते; बाकी घरी सुरी, अडकित्ता, कोयता नि विळी. हळदकुंकू सगळ्यांना सारखंच. यात नवल नाही. तलवारीला आणि विळीला धार देणारा हात एकच होता, शिकलगाराचा.

त्याचा धंदा त्याच्या नावातच आहे. अरबी ‘सैकल’ म्हणजे हत्यारांची झिलई. ती करणारा तो शिकलगार. मूळ काम फौजेचं. गंज काढायचा, पातं उजळायचं, धार द्यायची. कुरुंदाची भुकटी लाखेत बसवून केलेलं चाक हे जुनं साधन. ब्रिटिश मुलखात १८७८ च्या शस्त्र कायद्याने परवान्याविना हत्यार बाळगणं बंद झालं. १९४९ मध्ये बडोदा संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं नि गायकवाडी फौजेचे दिवसही संपले. तलवारी भिंतीवर गेल्या, शिकलगार सुरी-कात्रीवर पोट भरू लागला. गुजरातेत हेच काम सराणिया जमातही करते. सराण म्हणजे धारेचं चाक. आपल्या घरांत मात्र दारी येणारा तो कुणीही असो, ‘धारवाला’च.

आता सुऱ्यांच्या सेटबरोबर पोलादी कांब मिळते. ती आली म्हणून धारवाला गेला, असं बरेच जण म्हणतात. ते बरोबर नाही. रोजच्या वापराने धार झिजते त्याआधी ती एका बाजूला किंचित वळते. कांब ती वळलेली धार सरळ करते, लोखंड फारसं काढत नाही. वीसेक अंशांचा कोन धरून दोन्ही बाजूंनी चार-पाच हात हलके फिरवले की झालं. धार खरंच झिजली असेल तर मात्र दगडच हवा.

आजी विळीचं पातं पाट्याच्या कडेवर, नाहीतर कपाच्या बुडाच्या खरखरीत कडेवर घासायची. ते दोन फेऱ्यांमधलं भागवणं होतं. पातं पुरतं बोथटलं की शिकलगाराची वाट पाहायची. म्हणजे कांबेने जागा घेतली ती आजीच्या कपाची, शिकलगाराची नव्हे. त्याची जागा घेतली बोथट झाली की फेकून द्यायच्या स्वस्त सुरीने.

तेव्हा या खंडेनवमीला घरातल्या वडीलधाऱ्यांना एवढं विचारा : आपल्या विळीला धार कोण लावायचं, कुठल्या मोहल्ल्यातून यायचं, मोबदला काय घ्यायचं? उत्तरं लिहून ठेवा. तलवारींची नोंद दरबारी दप्तरांत सापडेल. विळीची कुणीच केलेली नाही.