संचित कार्यविधी

डेटाबेस म्हणजेच विदागार यात साठविलेल्या माहितीवर वारंवार करावयाची क्रिया एकदाच लिहून, तिला नाव देऊन, त्याच विदागारात जतन केलेल्या आज्ञासमूहास ‘संचित कार्यविधी’ म्हणतात. संगणक व्यवसायात ती ‘स्टोअर्ड प्रोसिजर’ या नावाने परिचित आहे. बाहेरची आज्ञावली तिचे नाव घेऊन व आवश्यक ती मूल्ये पुरवून तिला पाचारण करते. प्रत्यक्ष काम विदागार सांभाळणारा संगणक करतो. एसक्यूएल या भाषेवर आधारलेल्या बहुतेक विदागारांत अशी सोय असते. कार्यविधी लिहिणे व तिचे दस्तऐवजीकरण करणे ही दोन वेगळी कामे मानण्याचा प्रघात आहे. तथापि ज्या नोंदींना कायद्याचे बळ असते, त्यांच्या बाबतीत ती अलग करता येत नाहीत. महाराष्ट्रातील जमिनीच्या अभिलेखांचा इतिहास या दृष्टीने बोधप्रद आहे.

पूर्वपीठिका : नोंदी ठेवण्याची रीत स्वतंत्रपणे लिहून ठेवल्याचे ठळक उदाहरण जुन्या मुंबई इलाख्यात सापडते. पेशवाईच्या अस्तानंतर आर. के. प्रिंगल याने १८२७ च्या सुमारास पुणे जिल्ह्यात जमीनमोजणी सुरू केली. निव्वळ उत्पन्नावर आकारणी करण्याची त्याची योजना तात्त्विक दृष्ट्या काटेकोर होती. परंतु मोजणी व प्रतवारी करणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या कामावर पुरेशी देखरेख नव्हती. नोंदींत चुका व लबाड्या शिरल्या, धान्याचे भाव उतरले आणि ही आकारणी मोडीत निघाली. १८३५ नंतर गोल्डस्मिड व विंगेट यांनी इंदापूर तालुक्यापासून फेरमोजणी हाती घेतली. पुढे डेव्हिडसन यांच्यासह त्यांनी १८४७ मध्ये सादर केलेल्या संयुक्त अहवालात मोजणीची व प्रतवारीची रीत पायरीपायरीने दिली आहे. मातीचे वर्ग, तिच्या खोलीनुसार ठरणाऱ्या नऊ प्रती, सोळा आण्यांपासून उतरत जाणारे त्यांचे मूल्य आणि जमिनीतील दोष दर्शविणाऱ्या खुणा यांची त्यात कोष्टके आहेत. त्यामुळे एका कर्मचाऱ्याने केलेले काम दुसऱ्यास त्याच नियमांनी तपासता येऊ लागले.

हक्कांच्या नोंदीसाठी १९०३ मध्ये मुंबई इलाख्यात अधिकार अभिलेखाचा कायदा झाला. सध्या लागू असलेल्या महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये फेरफाराची रीत सांगितलेली आहे. हक्क संपादन झाल्याची वर्दी मिळताच तलाठ्याने ती फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६ मध्ये, नोंदवावयाची; नोंदीची प्रत चावडीत लावून हितसंबंधितांना नोटीस द्यावयाची; हरकत आल्यास प्रकरण विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत घ्यावयाचे; हरकत नसल्यास मंडळ अधिकाऱ्याने तपासून नोंद प्रमाणित करावयाची; आणि त्यानंतरच गाव नमुना ७ वर अंमल द्यावयाचा, असा हा क्रम आहे. संहितेच्या कलम १५७ नुसार अधिकार अभिलेखातील व प्रमाणित फेरफारातील नोंद, ती खोटी असल्याचे सिद्ध होईपर्यंत, खरी मानली जाते. म्हणून हा क्रम चुकल्यास त्याची झळ थेट खातेदारास बसते.

संगणकीय विकास : केंब्रिज विद्यापीठातील एडसॅक या संगणकासाठी विल्क्स, व्हीलर व गिल यांनी उपकार्यक्रमांचा संग्रह तयार केला व १९५१ मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. उपकार्यक्रम लिहून व तपासून झाल्यावरही, त्याची अंतर्गत रचना न जाणणाऱ्यास तो वापरता येईल असे वर्णन लिहिण्याचे काम उरते आणि कदाचित तेच सर्वांत अवघड असते, असे डेव्हिड व्हीलर याने १९५२ मध्ये नमूद केले. आयबीएममधील एडगर कॉड याने १९७० मध्ये माहिती परस्परसंबंधित कोष्टकांत मांडण्याचे प्रतिमान सुचविले. त्यावर आधारित सीक्वेल ही भाषा चेंबरलिन व बॉइस यांनी १९७४ मध्ये मांडली. तीच पुढे एसक्यूएल झाली. तिचे अमेरिकन प्रमाणक १९८६ मध्ये व आंतरराष्ट्रीय प्रमाणक १९८७ मध्ये निघाले. मूळ भाषेत काय हवे एवढेच सांगता येत असे; ‘असे असल्यास हे करा’ अशा क्रमवार आज्ञांची उणीव संचित कार्यविधींनी भरून काढली. सायबेस कंपनीच्या १९८७ मधील विदागाराने त्या लोकप्रिय केल्या, ओरॅकलच्या सातव्या आवृत्तीत १९९२ मध्ये त्या आल्या आणि १९९६ मध्ये त्यांच्यासाठी प्रमाणक तयार झाले. मायएसक्यूएलमध्ये ही सोय २००५ साली आली. तथापि प्रत्येक उत्पादकाची बोली निराळी राहिल्याने एका विदागारातील कार्यविधी दुसऱ्यात जशीच्या तशी चालत नाही.

लेखन : मावळ तालुक्यातील आंदर मावळ या भागात टाकवे बुद्रुक हे गाव आहे. तेथील एका गटात १ हेक्टर २० आर जमीन धारण करणाऱ्या खातेदाराने ४० आर जमीन विकली, असे उदाहरणादाखल मानू. प्रमाणित फेरफाराचा अंमल देणाऱ्या कार्यविधीस गावाचा संकेतांक, फेरफार क्रमांक व प्रमाणित करणाऱ्या अधिकाऱ्याची ओळख ही मूल्ये पुरवावी लागतील. केवळ गावाचे नाव पुरणार नाही. कारण याच तालुक्यात टाकवे खुर्द हेही गाव आहे. बुद्रुक व खुर्द या थोरला व धाकटा अशा अर्थाच्या फार्सी शब्दांनी माणसास होणारा बोध ‘टाकवे’ एवढेच टिपणाऱ्या यंत्रास होत नाही. यानंतर विकणाऱ्याच्या नावे पुरेसे क्षेत्र आहे का, नोटीस बजावली आहे का, हरकतीचे पंधरा दिवस संपले आहेत का व हरकत प्रलंबित आहे का, हे कार्यविधीने तपासले पाहिजे. सर्व अटी पूर्ण झाल्यावर विकणाऱ्याकडे ८० आर ठेवणे व घेणाऱ्याच्या नावे ४० आर लावणे ही दोन्ही कामे एकाच व्यवहारात व्हावयास हवीत. मध्येच वीज गेल्यास दोन्ही रद्द व्हावीत. एक होऊन दुसरे राहिल्यास ४० आर जमीन अभिलेखातून नाहीशी होईल किंवा दोघांच्या नावे दिसेल.

या रचनेचे आणखी काही लाभ आहेत. वापरकर्त्यास मूळ कोष्टकांत ढवळाढवळ करण्याचा अधिकार न देता केवळ कार्यविधी चालविण्याचा अधिकार देता येतो. नियम एकाच जागी राहत असल्याने सर्व कार्यालयांत सारखाच लागू होतो. बाहेरून आलेले मूल्य आज्ञा म्हणून न वाचता केवळ मूल्य म्हणून हाताळले गेल्यास घातपाती आज्ञा घुसविणे कठीण होते; मात्र कार्यविधीच्या आत अक्षरे जोडून नवी आज्ञा तयार केल्यास हे संरक्षण उरत नाही.

दस्तऐवजीकरण : कार्यविधीच्या आरंभी तिचा उद्देश, प्रत्येक मूल्याचा अर्थ व एकक, वाचली व बदलली जाणारी कोष्टके, परत मिळणारे निकाल, त्रुटीसंदेश, तिला पाचारण करणाऱ्या आज्ञावली आणि दिनांकासह बदलांचा इतिहास द्यावा. नाव क्रियादर्शक असावे. मायक्रोसॉफ्टच्या विदागारात ‘एसपी’ व अधोरेषा यांनी सुरू होणारी नावे टाळतात. कारण तो उपसर्ग यंत्रणेच्या स्वतःच्या कार्यविधींसाठी राखलेला आहे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे टीपेत आज्ञेची पुनरुक्ती न करता तिचे कारण द्यावे. ‘पंधरा मिळवा’ या आज्ञेवर ‘पंधरा मिळविले’ अशी टीप निरुपयोगी होय; हे दिवस नोटीस बजावल्यापासून मोजावयाचे, नोंद घेतल्यापासून नव्हे, हे आधारभूत तरतुदीसह लिहिणे आवश्यक आहे. ते न लिहिल्यास काही वर्षांनी दुसरा आज्ञावलीकार सोयीसाठी आरंभाचा दिवस बदलेल. यंत्र तक्रार करणार नाही. परगावी राहणाऱ्या वारसाची हरकतीची मुदत मात्र त्याच्या नकळत कमी होईल आणि प्रमाणित झालेली नोंद कायद्याने खरी मानली जाईल.

दस्तऐवज कार्यविधीपासून दूर ठेवल्यास लवकर कालबाह्य होतो. म्हणून टीप आज्ञांसमवेतच लिहितात, दोन्हींच्या आवृत्त्या एकत्र जतन करतात आणि अपेक्षित निकालांसह चाचण्याही ठेवतात. हरकत प्रलंबित असताना अंमल नाकारला जातो, हे दाखविणारी चाचणी हाही एक दस्तऐवजच होय.

महाराष्ट्रात राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने विकसित केलेल्या ई-फेरफार प्रणालीद्वारे फेरफाराचे काम संगणकावर आले. हस्तलिखित व संगणकीकृत सातबारा ताडून पाहण्यासाठी २०१७ मध्ये गावोगाव चावडीवाचन झाले आणि १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उपलब्ध झाला. चावडीवाचनात खातेदार स्वतःची नोंद ऐकून तीतील चूक दाखवू शकतो; ती नोंद घडविणारी कार्यविधी मात्र त्याच्या दृष्टीआड असते. ती कोणत्या नियमाने चालते हे सुबोध भाषेत लिहिलेले असेल, तरच महसूल अधिकाऱ्यास व न्यायालयास तिची पारख करता येते.