जीपमधलं बोटभर रेडिओ केंद्र



आज आम्ही एका अशा वस्तूची गोष्ट घेऊन आलो आहोत, जी आपण सगळ्यांनी पाहिली आहे, पण निरखून कोणीच पाहिलेली नाही. सेनगावहून हिंगोलीला, रिसोडला, जिंतूरला जाणाऱ्या काळी-पिवळीत बसलं की ड्रायव्हरच्या गुडघ्याजवळ, सिगारेट पेटवायच्या खाचेत, बोटाएवढं एक यंत्र खुपसलेलं असतं. त्यावर लाल नाहीतर निळा आकडा चमकतो. बाजूला पेन ड्राइव्ह, नाहीतर नखाएवढी चिप. बाजारात दोन-तीनशे रुपयांना मिळतं. त्यावर जीप भरून गाणी वाजतात आणि आपण पिशव्या मांडीवर घेऊन ती ऐकत असतो.

गटाच्या बैठकीत एका ताईंनी विचारलं, "त्या यंत्राची वायर टेपला कुठं जोडलेली असते?" प्रश्न चांगला होता. वायर नसतेच. चिपमधलं गाणं ते यंत्र वाचतं, त्याच्या रेडिओच्या लहरी करतं आणि जीपमध्ये सोडून देतं. जीपच्या जुन्या रेडिओवर तोच आकडा लावला, की रेडिओ त्या लहरी पकडतो. रेडिओला वाटतं, दूरचं केंद्र लागलं. केंद्र असतं हातभर अंतरावर! म्हणजे मैत्रिणींनो, ते आहे एक रेडिओ केंद्र. त्याची हद्द जीपच्या जरा पुढे-मागे, बस. पण परभणीची आकाशवाणी जे काम करते, त्याच जातीचं काम ते करतं.

परभणी केंद्र आपण मीडियम वेव्हवर ऐकतो. आभाळात वीज कडाडली की रेडिओत खरखर होते, हे सगळ्यांना माहीत आहे. त्या जुन्या पद्धतीत आवाज लाटेच्या उंचीवर बसवलेला असतो, आणि विजेनं किंवा इंजिनाच्या ठिणगीनं ती उंची बिघडते. एफएममध्ये उंची तीच ठेवतात आणि लाटा कधी दाट, कधी विरळ करतात. गोधडीचा धावदोरा डोळ्यांसमोर आणा. टाक्याची उंची एकच, पण कुठे टाके दाट, कुठे विरळ, आणि त्या दाटी-विरळीत आवाज शिवलेला. म्हणून पावसाळ्यातही, धडधडत्या जीपमध्येही गाणं स्वच्छ येतं.

हा धावदोरा शोधला अमेरिकेतल्या एडविन आर्मस्ट्राँग या माणसानं. २६ डिसेंबर १९३३ रोजी त्याला त्याची पेटंटं मिळाली, म्हणजे शोध आपला असल्याचे सरकारी कागद. त्याच्या आधीच्या शोधांवरही त्या काळचे रेडिओ चालत होते. पण मोठ्या कंपन्यांचा पैसा जुन्या पद्धतीत अडकलेला. त्यांनी एफएम आधी अडवलं, मग त्याचे पैसे न देता वापरायला सुरुवात केली. १९४५ साली तर तिथल्या सरकारनं एफएमची जागाच बदलली. लोकांनी विकत घेतलेले एफएम रेडिओ त्यामुळे निकामी झाले. नवी जागा ठरली ८८ ते १०८ची पट्टी. आज जीपमधल्या त्या यंत्रावर जो आकडा दिसतो, तो याच पट्टीतला. कोर्टकचेऱ्यांत आर्मस्ट्राँगचा पैसा गेला, घर विस्कटलं, आणि १९५४च्या सुरुवातीला त्यानं न्यूयॉर्कमधल्या तेराव्या मजल्यावरच्या घरातून उडी घेऊन जीव दिला.

पुस्तकात ही गोष्ट बहुतेक वेळा इथे संपवतात. आम्हाला ती पुढे जास्त मोलाची वाटते. त्याच्या बायकोचं नाव मॅरिअन. लग्नाआधी ती एका मोठ्या रेडिओ कंपनीच्या साहेबाची सेक्रेटरी होती, आणि नवऱ्यानं पुढे कोर्टात ओढली ती कंपनी तीच. १९२३ साली लग्नात आर्मस्ट्राँगनं तिला बरोबर नेता येईल असा रेडिओ करून भेट दिला होता. नवरा गेल्यावर तिनं कागदपत्रं बांधून ठेवली नाहीत. एकेका कंपनीवरचा दावा ती लढवत राहिली. कोणी तडजोड केली, कोणी हरलं. शेवटचा दावा निकाली निघाला १९६७ साली, म्हणजे नवऱ्याच्या मृत्यूनंतर तेरा वर्षांनी, आणि तोही तिच्या बाजूनं. शेवटपर्यंत अडून बसलेली ती कंपनी कोणती? मोटोरोला. हे नावच १९३० साली मोटारीत बसवायच्या रेडिओसाठी काढलेलं होतं! सातबाऱ्यावर नाव लावायला तलाठ्याकडे पाच चकरा झाल्या की आपल्यातली एखादी म्हणते, "जाऊ द्या आता." तिला आम्ही हल्ली मॅरिअनबाईंची गोष्ट सांगतो.

आता चिपमधल्या गाण्याकडे येऊ. कॅसेट आठवते? फिलिप्स कंपनीनं ती १९६३ साली आणली. आपल्याकडे घरोघर पोचायला पुढची वीसेक वर्षं गेली. पण पोचली तेव्हा तिनं मोठं काम केलं. तोवर कोणाचं गाणं वाजायचं ते आकाशवाणी आणि ग्रामोफोनच्या मोठ्या कंपन्या ठरवायच्या. कॅसेट स्वस्तात भरता यायची, त्यामुळे प्रल्हाद शिंद्यांची विठ्ठलाची गाणी आणि भीमगीतं वस्तीवस्तीत गेली. फीत अडकली की पेन्सिल घालून गुंडाळायची, हे काम लहानपणी आम्हीही केलं आहे.

कॅसेटची जागा घेतली एमपीथ्रीनं. हे जर्मनीत घडलं. गाण्यातलं कानाला जे फारसं जाणवत नाही ते गाळायचं आणि गाणं साधारण दहाव्या हिश्शाच्या जागेत बसवायचं, अशी ती युक्ती. १४ जुलै १९९५ रोजी तिथल्या संशोधकांनी या फायलींना एमपीथ्री हे नाव ठरवलं. पण गंमत त्याच्या आधीची आहे. ढोल-बाजाची गाणी या गाळणीतून बरी निघत होती. मग त्यांनी सुझान व्हेगा या अमेरिकी गायिकेचं एक गाणं लावून पाहिलं. त्यात एकही वाद्य नाही, नुसता एकट्या बाईचा आवाज. तो इतका वाईट निघाला, की गाळणी पुन्हा पुन्हा दुरुस्त करावी लागली. तेच गाणं ऐकत ऐकत त्यांनी ती सुधारली. बाजाविना गाणाऱ्या बाईचा आवाज नीट धरणं सगळ्यात कठीण, हे यंत्रालाही तेव्हा कळलं. आपल्या ओव्याही तशाच. वाद्य म्हणायचं तर जात्याची घरघर.

आपल्या भागात लहरींवर कोणाची सत्ता होती, तेही पाहू. आपण तेव्हा परभणी जिल्ह्यात, निजामाच्या राज्यात होतो. हिंगोली जिल्हा झाला १ मे १९९९ला. १९३५ साली निजाम सरकारनं हैदराबादचं रेडिओ केंद्र आपल्या हाती घेतलं, आणि १ एप्रिल १९५० पासून ते आकाशवाणीचं झालं. राज्य बदललं तरी रेडिओ सरकारचाच राहिला. त्याच्या मुळाशी १८८५चा इंग्रजांचा तार कायदा. त्याच कायद्यापोटी घरात रेडिओ ऐकायलासुद्धा पोस्टातून लायसन्स काढावं लागायचं. ते १९८०च्या दशकात बंद झालं. जुन्या घरांत ती पुस्तिका अजून सापडते, आणि ती बहुधा घरच्या पुरुषाच्या नावाची असते.

या सत्तेला पहिला मोठा धक्का क्रिकेटच्या भांडणातून बसला, हे सांगितलं तर खरं वाटणार नाही. १९९३च्या एका स्पर्धेचं प्रक्षेपण कोणी करायचं यावरून बंगालची क्रिकेट संघटना आणि दूरदर्शन यांच्यात वाद झाला आणि तो सर्वोच्च न्यायालयात गेला. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी न्यायमूर्ती पी. बी. सावंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निकाल दिला, की हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. गावच्या गायरानासारखी म्हणा. ती ना सरकारच्या खाजगी मालकीची, ना पैसेवाल्याच्या.

निकाल लागला, पण पट्टीचा तुकडा आपल्या हाती यायला आणखी अकरा वर्षं गेली. २००६ साल आमच्या फार लक्षात राहिलं आहे, कारण त्या एका वर्षात तीन गोष्टी घडल्या. बिहारच्या वैशाली जिल्ह्यात मन्सूरपूर गावी रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका तरुणानं पन्नासेक रुपयांच्या सामानात एफएम यंत्र करून गावासाठी केंद्र चालवलं होतं. गाणी, गावच्या खबरी, आरोग्याची माहिती, सगळं त्यावर चालायचं. वर्षाच्या सुरुवातीला त्याची बातमी जगभर गेली, आणि परवाना नाही म्हणून ते बंद करण्यात आलं. दुसरीकडे इंग्लंडमध्ये आपल्या जीपमधल्यासारखं यंत्र वापरणं तोवर चक्क गुन्हा होता. ८ डिसेंबर २००६ला ते कायदेशीर झालं. तिसरी गोष्ट अशी, की त्याच वर्षाच्या अखेरीस आपल्या केंद्र सरकारनं सामुदायिक रेडिओचं धोरण बदललं. आधी परवाना फक्त शिक्षणसंस्थांना मिळायचा, आता गावात काम करणाऱ्या संस्थांनाही मिळू लागला. ताकद थोडीच, मनोरा ३० मीटरपर्यंतच, आणि आवाज दहा-पंधरा किलोमीटरपर्यंत. पण निम्मा तरी कार्यक्रम गावातला असला पाहिजे, ही अट त्यात आहे. आम्हाला ती सगळ्यात आवडते.

सातारा जिल्ह्यात म्हसवडला माणदेशी महिलांचं केंद्र ९०.४वर लागतं. पण जवळचं उदाहरण वाटतं ते तेलंगणातल्या जहीराबादकडचं. तोही एके काळी आपल्याच निजामी राज्याचा भाग. तिथे माचनूर गावात दलित शेतकरी बायकांनी १५ ऑक्टोबर २००८ रोजी संगम रेडिओ सुरू केला. परवाना मिळायच्या आधी कित्येक वर्षं त्यांची खोली तयार होती, यंत्रं होती, बोलायला बायका होत्या. नव्हती ती हवा. मग त्या गप्प बसल्या का? त्या बियाण्यांवर, सणांवर, औषधी पाल्यावर बोलून कॅसेटी भरत, आणि गावोगावच्या गटांच्या बैठकीत टेपवर वाजवून दाखवत. हवा मिळेपर्यंत त्यांनी कार्यक्रम हातोहात पोचवला.

आमचं डोकं इथेच चाललं. आपला कार्यक्रम लागतो त्या वेळी आपल्यातल्या निम्म्या रानात असतात, आणि लांबच्या गावांना तो ऐकूच येत नाही. पण बँकेत, पंचायत समितीत, दवाखान्यात जायला जीप तर सगळ्यांनाच लागते. शहरात ही पट्टी केंद्रांनी गच्च भरलेली. तिथे हे यंत्र लावलं तर मधेच मोठं केंद्र घुसतं, कारण एफएमचा स्वभावच असा, की दोन आवाज भिडले तर तगडा तेवढा ऐकू येतो. आपल्याकडे पट्टी बरीचशी रिकामी. मागासलेपणाचा एवढा एक फायदा! काटा फिरवायचा, जिथे नुसता सूं असा आवाज येतो तो आकडा दोन्हीकडे लावायचा. यंत्र उघडून ताकद वाढवायच्या फंदात मात्र कोणी पडू नये, मन्सूरपूरचं काय झालं ते आत्ताच सांगितलं.

म्हणून आम्ही दोन गटांतल्या म्हाताऱ्या बायांच्या ओव्या मोबाइलवर भरायला घेतल्या आहेत. गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं, आणि ओवी म्हणायचं निमित्तच उरलं नाही. जनाबाई आपल्या शेजारच्या गंगाखेडच्या. दळणाचं गाणं आपल्या भागाला कोणी शिकवायची गरज नव्हती. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांमधून एक लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या, त्यांतल्या कित्येक बायांच्या आवाजात ध्वनिमुद्रित करून ठेवल्या. ते दोघे आज नाहीत, पण ओव्या 'पारी' या संस्थेनं लोकांसमोर आणल्या आहेत.

एक ड्रायव्हर भाऊ बाजाराच्या दिवशी चिप लावायला तयार झाले आहेत. त्यांची अट एवढीच, की सकाळच्या पहिल्या फेरीला देवाची गाणी लागतील, आपलं नंतर. आम्ही कबूल केलं. परतीच्या फेरीला ओव्या, आणि मधे गटाच्या हिशोबाचा पाच मिनिटांचा कार्यक्रम.

भरताना एक काम तेवढं करा. चिपमध्ये फायलीला नुसता आकडा पडतो, कोण गातंय ते पडत नाही. पुण्याच्या त्या संग्रहात प्रत्येक ओवीपाशी गाणारीचं नाव आणि गाव लिहिलेलं आहे. तेव्हा मोबाइलचं बटण दाबलं, की आधी आजीला विचारायचं, जीपमध्ये चार परकी माणसं ऐकतील, चालेल का? चालेल म्हणाली, तर तिच्याच तोंडून आधी तिचं पूर्ण नाव घ्यायचं, माहेरचं गाव, सासरचं गाव, मग ओवी. आणि जवळ जातं असेल तर पसाभर ज्वारी टाकून ते फिरू द्या. नुसतं बसून म्हणायला सांगितलं की त्या म्हणतात, आठवत नाही.