प्रतिभा, मनोविकार आणि उपचारांची नैतिकता : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
मराठीत ‘वेड’ हा शब्द दोन अर्थांनी रूढ आहे. गाण्याचे वा नाटकाचे वेड कौतुकास पात्र ठरते. वेड लागणे ही मात्र आपत्ती समजली जाते. त्यामुळे कलावंताच्या मनोविकारावर उपचार केल्यास त्याची प्रतिभाही मावळेल काय, ही शंका समाजमनात टिकून आहे. प्रस्तुत लेखात या शंकेच्या नैतिक बाजूचा मागोवा घेतला आहे.

प्राचीन विचार :
चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील नवव्या अध्यायात उन्मादाचे विवेचन आढळते. त्यातील गंधर्वोन्मादात रुग्णास गीत, वाद्य व नृत्य यांची विशेष ओढ असते. अशा रुग्णासाठी तीक्ष्ण अंजने व क्रूर उपाय वर्ज्य मानून घृतपानासारखे सौम्य उपचार सुचविले आहेत. अन्य उन्मादांत मात्र रुग्णास बांधणे, भय दाखविणे असे उपाय त्याच अध्यायात येतात. म्हणजेच उपचार कोणासही नाकारलेले नाहीत. परंतु सौम्यता सर्वांच्या वाट्यास आलेली नाही.

आधुनिक कालखंड :
हाच भेद विसाव्या शतकातही दिसून येतो. एगास मोनिझ यांनी १९३५ साली मेंदूवरील ल्युकोटॉमी ही शस्त्रक्रिया सुरू केली व १९४९ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. न्यूझीलंडच्या लेखिका जॅनेट फ्रेम यांच्यावरही ती व्हावयाची होती. त्यांच्या पहिल्या कथासंग्रहास पुरस्कार मिळाल्याचे समजताच रुग्णालयाच्या अधीक्षकांनी ती रद्द केली. पुढे लंडन येथील तपासणीत स्किझोफ्रेनियाचे मूळ निदानच चुकीचे ठरले. पुरस्कार न मिळालेल्या रुग्णांना असे संरक्षण नव्हते.

औषधांनी प्रतिभा मावळते काय, याचा शोध डॅनिश मनोविकारतज्ज्ञ मोगेन्स शू यांनी घेतला. त्यांनी १९७९ साली लिथियम घेणाऱ्या २४ कलावंत व लेखकांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांपैकी १२ जणांची निर्मिती वाढली, ६ जणांची पूर्वीइतकीच राहिली व ६ जणांची घटली. शंका सर्वस्वी खरी नाही, तशी निराधारही नाही.

महाराष्ट्रातील संदर्भ :
सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या ‘देवराई’ (२००४) या चित्रपटाने स्किझोफ्रेनिया हा विषय मराठी प्रेक्षकांपुढे आणला. त्यातील बुद्धिमान शेषला देवराईचा ध्यास आहे. हा ध्यास कोठे संपतो व आजार कोठे सुरू होतो, हे त्याच्या आप्तांस सहज उमगत नाही. ध्यासाचे कौतुक करताना वेदना नजरेआड होते, हा धोका येथे स्पष्ट होतो.

कायद्याच्या क्षेत्रात १९१२ च्या भारतीय लुनसी कायद्याचा भर रुग्णास दाखल करून घेण्यावर होता. २९ मे २०१८ पासून लागू झालेल्या मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ ने रुग्णास उपचारांविषयी पूर्वनिर्देश देण्याचा अधिकार दिला. भूल व स्नायू शिथिल करणाऱ्या औषधांविना विद्युत उपचारांस मनाई केली. मेंदूवरील शस्त्रक्रियेस रुग्णाची माहितीपूर्ण संमती व मंडळाची मान्यता आवश्यक केली. यासाठी रुग्ण प्रतिभावंत असण्याची अट नाही.

निष्कर्ष :
प्रतिभा हे उपचार टाळण्याचे कारण नव्हे आणि सौम्य वागणूक मिळविण्याची पात्रताही नव्हे. निर्मिती घटण्याची शक्यता रुग्णास सांगणे हे वैद्याचे कर्तव्य आहे. ती पत्करावी की नाही, हे ठरविण्याचा अधिकार निर्णयक्षम रुग्णाचा आहे. पुण्यानजीक लोणी काळभोरसारख्या ठिकाणी आज कला व चित्रपट यांचे उच्चशिक्षण दिले जाते. तेथील प्राध्यापकांनी विद्यार्थ्याची दीर्घकाळची निद्रानाशाची वा भ्रमाची अवस्था ‘कलावंताचा स्वभाव’ म्हणून सोडून न देता त्यास वेळीच तज्ज्ञापर्यंत पोहोचविणे अगत्याचे ठरते.