‘यस्टर्डे’शी ‘हॅव’चं का जमत नाही?

‘मी कालच आलो आहे’ हे वाक्य मराठी कानाला खटकत नाही. त्याचंच ‘आय हॅव कम यस्टर्डे’ केलं की वहीवर लाल रेघ उमटते. ‘यस्टर्डे’ असेल तर साधा भूतकाळच, असं मुलांकडून घोकून घेतलं जातं. हा नियम आला कुठून, हे मात्र क्वचितच सांगितलं जातं.

जुन्या इंग्रजीत क्रियापदाची काळरूपं दोनच होती, भूत आणि वर्तमान. भविष्याचं काम बहुधा वर्तमानावरच भागे. ‘हॅव’ म्हणजे जवळ असणं. केलेली वस्तू जवळ आहे, अशा अर्थाच्या रचनेतून हळूहळू पूर्ण वर्तमानकाळ घडला. येण्याजाण्याच्या क्रियापदांना तर ‘हॅव’ऐवजी ‘इज’ लागे: ‘ही इज कम’. या नव्या काळाच्या हद्दी बरीच शतकं पुसट राहिल्या. चौदाव्या शतकात, चॉसरच्या वेळी, आणि पुढे शेक्सपिअरच्या दिवसांतही ‘हॅव’शेजारी सरलेल्या वेळेचा शब्द अधूनमधून सापडतो.

फ्रेंचांनी हद्द चक्क तासांत मोजली. १६६० च्या पोर-रोयाल व्याकरणाचा दंडक असा: घटनेला निदान एक दिवस उलटला असेल तर साधा भूतकाळ, आजची असेल तर संयुक्त, म्हणजे ‘हॅव’सारखं साहाय्यक क्रियापद लावलेला.

इंग्रजीत ही वाटणी घरोघर पोचवली ती लिंडली मरे यांनी. मूळचे अमेरिकन वकील असलेले मरे इंग्लंडमध्ये यॉर्कजवळ स्थायिक झाले आणि तिथल्या मुलींच्या शाळेसाठी त्यांनी १७९५ मध्ये व्याकरण लिहिलं. सामग्री बरीचशी आधीच्या व्याकरणकारांची, पण मांडणी स्वच्छ. त्यांचं उदाहरण असं: गेल्या शतकातले शोध साध्या भूतकाळात सांगायचे, चालू शतकातले ‘हॅव’ लावून. शोध दोन्हीकडे लागून गेलेलेच आहेत. फरक आहे तो शतक सरलं की चालू आहे, एवढाच. ‘टुडे’ आणि ‘धिस वीक’ दोन्ही काळांशी नांदतात, ते याचमुळे.

बोली फ्रेंचने साधा भूतकाळ जवळजवळ टाकूनच दिला; दक्षिण जर्मनीच्या बोलींतही तेच झालं. इंग्रजीने हद्द राखली. अमेरिकेत ‘आय जस्ट एट’ सर्रास चालतं, ब्रिटनमध्ये ‘आय हॅव जस्ट ईटन’ अधिक रूढ. ‘यस्टर्डे’बाबत मात्र दोन्हीकडची प्रमाणभाषा साधा भूतकाळच मागते.

इंग्रजीच्या शिक्षकांनी क्रियाविशेषणांच्या याद्या घोकायला लावण्याआधी मुलांना एकच प्रश्न विचारायला शिकवावं: वाक्यात सांगितलेली वेळ संपली आहे, की अजून चालू आहे?