छत्तीसचा आकडा

दोघांचं पटत नसलं की आपण म्हणतो, त्यांचा छत्तीसचा आकडा आहे. ३ आणि ६ एकमेकांकडे पाठ करून बसलेत, म्हणून. पण कॉम्प्युटर पहिल्यांदा सामान्य घरांमध्ये शिरले, त्या काळात ब्रिटनमध्ये हाच आकडा जुळवून घेण्याचा होता. नवा कॉम्प्युटर आणायचा, त्याची वायर टीव्हीच्या अँटेनाच्या भोकात खुपसायची आणि ३६ नंबरचा चॅनेल लावायचा. पडदा पांढरा झाला आणि तळाशी एक ओळ उमटली, की कॉम्प्युटर सुरू.

हा कॉम्प्युटर म्हणजे झेडएक्स स्पेक्ट्रम. सिंक्लेअर रिसर्च या कंपनीने तो २३ एप्रिल १९८२ रोजी बाजारात आणला. १६ केबी मेमरीचं मॉडेल १२५ पौंडांना, ४८ केबीचं १७५ पौंडांना. तुमच्या फोनमधला एक साधा फोटोही त्या ४८ केबीत मावणार नाही. स्वतःचा पडदा त्याला नव्हता. मॉनिटर दिला असता तर किंमत कुठल्या कुठे गेली असती. टीव्ही मात्र घरोघरी होता, म्हणून पडदा उसना घ्यायचा असं ठरलं.

उसनवारीचे नियम देणाऱ्याच्या सोयीने असतात. टीव्हीला कॉम्प्युटर ठाऊक नव्हता, त्याला फक्त टीव्ही केंद्र ठाऊक होतं. म्हणून स्पेक्ट्रमच्या आत मॉड्युलेटर नावाची एक पत्र्याची डबी बसवली होती. ती चित्राचा सिग्नल ५९१.२५ मेगाहर्ट्झच्या लहरीवर चढवून टीव्हीकडे पाठवायची. थोडक्यात, प्रत्येक स्पेक्ट्रम हे एकाच घरापुरतं टीव्ही केंद्र होतं. ३६ नंबर निवडला, कारण ब्रिटनमध्ये त्या चॅनेलवर कुठलंही टीव्ही केंद्र नव्हतं. व्हिडिओ रेकॉर्डरही तोच चॅनेल वापरायचे.

इथे छत्तीस सापडेना

माझ्या काकांकडे स्पेक्ट्रम आला तो १९८५ साली. ऑफिसातला एक मित्र लंडनहून येताना घेऊन आला होता. काका तेव्हा पुण्यात होते. पुढे पुण्याच्याच डेसीबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवाना घेऊन या कॉम्प्युटरची भारतीय आवृत्ती काढली. पण ते नंतरचं. काकांच्या हातात होतं ते विलायती यंत्र आणि विलायती मॅन्युअल, ज्यात टीव्ही ट्यून करायला सांगितलं होतं.

ट्यून कुठे करणार? ब्रिटिश टीव्ही यूएचएफ पट्ट्यातल्या चॅनेलवर चालायचे. आपल्याकडे दूरदर्शन यायचं ते व्हीएचएफवर. सिंहगडावरच्या टॉवरवरून पुण्यात दिसणारं चित्रही त्यातलंच. बहुतेक घरांतल्या टीव्हींना व्हीएचएफची तेवढी खटखट फिरणारी गोल कळ असायची. ३६ नंबर त्या कळीवर नव्हताच. टीव्ही ठीक, कॉम्प्युटरही ठीक, आणि पडद्यावर नुसत्या मुंग्या.

काकांना तरी कळलं होतं की कॉम्प्युटर जिवंत आहे. स्पेक्ट्रमची कुठलीही कळ दाबली की आतल्या छोट्या स्पीकरमधून ‘टिक्’ असा आवाज येतो. हा आवाज टीव्हीवर अवलंबून नाही. चित्र नाही पण टिक् आहे, म्हणजे बिघाड पुढच्या वाटेवर आहे. जुने कॉम्प्युटर दुरुस्त करणारे लोक आजही पहिली तपासणी हीच करतात.

काकांनी तो नेला कोपऱ्यावरच्या टीव्ही मेकॅनिककडे. त्याने काय केलं हे मला अलीकडे कळलं, कॉम्प्युटर उघडला तेव्हा. मॉड्युलेटरच्या डबीत दोन वायरी जातात, एक पाच व्होल्टची आणि दुसरी चित्राची. मेकॅनिकने चित्राची वायर डबीच्या सर्किटपासून सोडवून, मधे एक कपॅसिटर घालून, थेट बाहेरच्या सॉकेटला जोडली होती. सिग्नल लहरीवर चढवायचाच नाही, तसाच बाहेर काढायचा. मग काकांनी व्हिडिओ इनपुट असलेला चौदा इंची ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही घेतला आणि चित्र दिसू लागलं.

आज जगभरातले हौशी लोक स्पेक्ट्रम नव्या टीव्हीला जोडण्याआधी हीच दुरुस्ती करतात, कारण नव्या टीव्हींवर त्या जुन्या चॅनेलचं चित्र नीट येईलच असं नाही. पुण्यातल्या त्या मेकॅनिकला हे करावं लागलं ते वेगळ्या कारणाने. डाग मात्र त्याच जागी दिलेला.

काळा म्हणजे किती काळा?

जुना टीव्ही किती समजूतदार होता हे पाहायचं तर स्पेक्ट्रमच्या आधीच्या, १९८१ सालच्या झेडएक्स ८१ कडे जावं लागतं.

टीव्हीचं चित्र एकेका आडव्या ओळीने रंगतं. दोन ओळींच्या मधे सिग्नल टीव्हीला सांगतो, ‘ओळ संपली, परत फिर’. त्यानंतर क्षणभर शांतता असते. इंग्रजीत तिला बॅक पोर्च म्हणतात, आपण ओसरी म्हणू. या ओसरीवर टीव्ही सिग्नलची पातळी मोजतो आणि ठरवतो की काळा रंग म्हणजे एवढा. बाकीचा उजेड त्या मापाने.

झेडएक्स ८१ च्या सुरुवातीच्या चिपमध्ये ही ओसरीच नव्हती. ओळ संपल्याचा इशारा झाला की लगेच चित्राचा पांढरा भाग सुरू. जुने टीव्ही माप घेण्यात ढिले होते, त्यांनी चालवून घेतलं. नवा टीव्ही काटेकोरपणे त्याच क्षणी मोजतो आणि हाती लागलेल्या पांढऱ्यालाच काळा समजतो. मग सगळा पडदा अंधारा. आपल्याला वाटतं कॉम्प्युटर मेला, आणि तो तर चाळीस वर्षांपूर्वी द्यायचा तोच सिग्नल देत असतो.

अर्धी ओळ

स्पेक्ट्रमला ओसरी होती, पण त्याची गोम वेगळी. भारतात आणि ब्रिटनमध्ये तेव्हा वापरात असलेल्या पाल पद्धतीत एका चित्राच्या ६२५ ओळी असतात. त्या दोन हप्त्यांत येतात, प्रत्येकी तीनशे साडेबाराच्या, म्हणजे ३१२.५. त्या अर्ध्या ओळीमुळे दुसरा हप्ता पहिल्याच्या फटींमध्ये बरोबर बसतो. सेकंदाला असे ५० हप्ते.

स्पेक्ट्रमचं चित्र तयार करणारी यूएलए नावाची चिप दर वेळी पूर्ण ३१२ ओळी द्यायची. अर्ध्या ओळीची भानगडच नाही. त्यामुळे प्रत्येक हप्ता आधीच्या हप्त्याच्याच जागी पडायचा, आणि अक्षरं थरथरत नसत. वेगही थोडा निराळा झाला, सेकंदाला ५०.०८ हप्ते. काचेच्या नळीचा जुना टीव्ही यावर काही म्हणायचा नाही. सिग्नल ‘परत फिर’ म्हणाला की तो फिरायचा. ओळी मोजत बसणं हे त्याचं कामच नव्हतं.

माझ्या घरचा चपटा टीव्ही मोजतो. काकांचा स्पेक्ट्रम जोडल्यावर त्यावर दोन सेकंद चित्र यायचं, मग निळा पडदा आणि ‘सिग्नल नाही’. कळ दाबली की टिक् व्यवस्थित ऐकू येत होतं. मग एचडीएमआयमध्ये बदलणारी एक स्वस्त डबी मधे लावली. चित्र टिकलं, पण अक्षरं हलायला लागली. त्या डबीची समजूत अशी की प्रत्येक हप्ता म्हणजे अर्धं चित्र, तेव्हा दोन हप्ते एकमेकांत विणायला हवेत. विणायला काही नव्हतंच, दोन्ही हप्ते पूर्ण होते.

शेवटी जुन्या बाजारातून काचेच्या नळीचा चौदा इंची रंगीत टीव्ही आणला. पिवळ्या सॉकेटात वायर घातली आणि चित्र आलं. एकही सेटिंग बदलावं लागलं नाही. फोनने शूट करायला गेले तर पडद्यावरून एक काळा पट्टा सरकताना दिसला. फोन सेकंदाला ३० चित्रं घेतो, टीव्ही ५० दाखवतो. त्या पट्ट्यात तुम्हाला दोन काळांचा हिशेब न जुळलेला दिसेल.

एक निळा, सहा पिवळा

हा सगळा खटाटोप एका कॅसेटसाठी होता. काकांनी १९८६ साली ताईसाठी, म्हणजे माझ्या चुलतबहिणीसाठी, पाढ्यांचा एक प्रोग्रॅम लिहिला होता. स्पेक्ट्रमवर आपल्याला हवी ती २१ चिन्हं स्वतः काढता येतात, प्रत्येक आठ बाय आठ ठिपक्यांचं. काकांनी दहा जागा देवनागरी आकड्यांना दिल्या. उरलेल्या अकरांमध्ये ‘शाब्बास’ आणि ‘चूक’ या दोन शब्दांपुरते तुकडे बसवले.

कॅसेटचा आवाज मी आधी फोनवर रेकॉर्ड करून घेतला आणि इम्युलेटरमध्ये चालवला. इम्युलेटर म्हणजे जुन्या कॉम्प्युटरची नक्कल करणारं सॉफ्टवेअर. प्रोग्रॅम चालला. निळ्या पडद्यावर पिवळे आकडे आले.

काका म्हणाले, “अगं, माझा ८ असा नव्हता. हा नुसता जिना आहे.”

ताई म्हणाली, “हे रंगीत होतं?”

दोघांचंही बरोबर होतं. इम्युलेटर प्रत्येक ठिपका काटकोनी चौकोन म्हणून दाखवतो. खऱ्या वायरीतून आणि काचेच्या नळीतून जाताना त्या चौकोनांच्या कडा पुसट होतात, शेजारचे ठिपके एकमेकांत मिसळतात आणि ८ चा बाक गोल दिसतो. काकांनी ठिपके मांडले होते ते टीव्हीवर बघत बघत, त्या पुसटपणासकट.

आणि ताईने तो प्रोग्रॅम पाहिला होता फक्त ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीवर. दूरदर्शनवर रंग १९८२ सालीच आले होते, पण रंगीत टीव्ही बहुतेकांना परवडायचा नाही. मी काकांना विचारलं, रंग दिसणारच नव्हते तर निवडले कशाला? ते म्हणाले, “मॅन्युअलमध्ये लिहिलं होतं ना, एक म्हणजे निळा, सहा म्हणजे पिवळा. कधीतरी रंगीत टीव्ही येईल म्हटलं.”

या नंबरांमागेही विचार होता. स्पेक्ट्रमचे रंग ० ते ७ असे आहेत: काळा, निळा, लाल, किरमिजी, हिरवा, आकाशी, पिवळा, पांढरा. हा क्रम उजेडाचा आहे. नंबर जितका मोठा तितका रंग उजळ. त्यामुळे ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीवर हेच आठ रंग करड्याच्या चढत्या पायऱ्या होतात. एकवर सहा लिहिलं की रंग दिसो न दिसो, वाचता येतंच. ज्याच्याकडे कमी आहे तोही वगळला जाऊ नये, ही काळजी या क्रमात आपोआप घेतली गेली.

जुन्या बाजारातल्या टीव्हीला रंग कमी-जास्त करायचं बटण आहे. शून्यावर नेलं की ताईला आठवतो तो प्रोग्रॅम दिसतो. वाढवलं की काकांनी नंबरांवरून मनात धरलेला दिसतो. यातलं मूळ चित्र कुठलं, हे कॅसेटवरून सांगता येणार नाही. कॅसेटवर आहेत ती नुसती मापं. चित्र प्रत्येक घरात तिथल्या टीव्हीने पुरं केलं. म्हणून जुना कॉम्प्युटर जपायचा तर त्याची फाइल पुरत नाही, त्याला समजून घेणारा पडदाही जपावा लागतो. आणि तो पडदाच आज भंगारात सगळ्यात आधी जातो, कारण जड असतो आणि जागा खातो.

तुमच्या घरात माळ्यावर स्पेक्ट्रम असेल तर थेट प्लगला लावू नका. त्याच्या ९ व्होल्टच्या पिनेत मधला भाग ऋण असतो, इतर बऱ्याच चार्जरच्या उलट, त्यामुळे मिळेल तो अडॅप्टर चालत नाही. आधी कळ दाबून टिक् ऐका. टिक् असेल तर कॉम्प्युटरला दोष देण्याआधी टीव्ही बदलून पाहा. काचेच्या नळीचा टीव्ही मात्र स्वतः उघडू नका. बंद केल्यावरही आत हजारो व्होल्ट साठलेले असू शकतात. ते काम जाणत्या मेकॅनिकचं. असा मेकॅनिक तुमच्या भागात अजून असेल, तर त्याचा नंबर फोनमध्ये घेऊन ठेवा.