डब्यातले वजन नेमके कशाचे?

डबाबंद रसगुल्ले चाळणीत ओतले, की डब्यावर छापलेल्या वजनाचा बराचसा भाग पाकाच्या रूपाने खाली गळतो. मग ते वजन कशाचे? आणि आहारातील उष्मांक मोजणाऱ्याने तराजूवर काय ठेवायचे? प्रश्न साधे वाटतात, पण त्यांच्यामागे शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे.

फ्रान्सच्या निकोलस ॲपर्टने काचेच्या बाटल्यांत अन्न हवाबंद करून, उकळून टिकवण्याची रीत १८१० साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये पीटर ड्युरँडने पत्र्याच्या डब्यांचे पेटंट घेतले. बाटलीतले दिसे, डब्यातले दिसेना. फोडी किती आणि पाणी किती, हे डबा फोडल्यावरच कळे. अमेरिकेत १९१३ च्या कायदादुरुस्तीने वेष्टनावर मालाचे प्रमाण छापणे सक्तीचे झाले. पण निव्वळ वजनात पाणीही धरले जाते. डबा किती भरलेला असावा याची मानके ठरवण्याचा अधिकार तेथील सरकारला १९३० साली मिळाला.

याच काळात दुसरीकडे आहारशास्त्र वाढत होते. विल्बर ॲटवॉटर यांनी १८९६ साली अमेरिकी अन्नपदार्थांची कोष्टके प्रसिद्ध केली. त्यांत बाजारातून आणलेला पदार्थ आणि त्याचा खाद्य भाग यांचे आकडे वेगळे दिले होते. हाडे, साली, बिया वजनात येतात, पण पोटात जात नाहीत. लुलू हंट पीटर्स यांच्या १९१८ च्या पुस्तकाने उष्मांक मोजणे घरोघर पोचवले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची १९७१ ची कोष्टकेही खाद्य भागाच्या १०० ग्रॅमसाठीच आहेत.

डबाबंद अन्नाच्या बाबतीत खाद्य भाग म्हणजे काय, याचे उत्तर ‘निथळलेले वजन’ या कल्पनेत मिळाले. त्याची प्रमाणित रीत अशी : ठरावीक छिद्रांची, २० सेंटिमीटर व्यासाची चाळणी (मोठ्या डब्यासाठी ३० सेंटिमीटर) किंचित तिरपी धरायची, डबा तीत रिकामा करायचा, दोन मिनिटे निथळू द्यायचे आणि मग वजन करायचे. दोनच मिनिटे का? रसगुल्ला दाबला तर आणखी पाक निघेल, तासभर ठेवला तरी निघेल. निथळण्याला नैसर्गिक शेवट नाही, तो ठरवून घ्यावा लागतो. सर्वांनी एकच रीत पाळली तरच दोघांच्या आकड्यांची तुलना होते. ‘कोडेक्स’ या आंतरराष्ट्रीय अन्नसंहितेच्या १९८५ च्या मानकाने द्रवात भरलेल्या पदार्थाचे निथळलेले वजन छापण्यास सांगितले. भारताच्या २०११ च्या नियमांत पाकातल्या फळांसाठी ते निव्वळ वजनाच्या किमान ५० टक्के ठरले.

आता एक उदाहरण. समजा, काबुली चण्याच्या डब्यावर निव्वळ वजन ४०० ग्रॅम, निथळलेले २४० ग्रॅम आणि ‘निथळलेल्या १०० ग्रॅममध्ये १२० उष्मांक’ असे छापले आहे. चण्यांतले उष्मांक झाले २८८. घाईत ४०० ने गुणले तर उत्तर येते ४८० ! तराजू अचूक, गुणाकारही बरोबर. चूक आहे ती ‘कशाचे वजन’ हे न विचारण्यात.

फळांच्या बाबतीत फसगत निराळी होते. उष्णतेने फोडींच्या पेशी मरतात. मग काही आठवड्यांत पाकातली साखर विसरणाने फोडींत शिरते, फोडींतला रस पाकात येतो आणि दोन्हींतले साखरेचे प्रमाण जवळजवळ सारखे होते. म्हणून पाक ओतून टाकला, फोडी धुतल्या, तरी आत मुरलेली साखर आतच राहते. ‘पाक टाकला म्हणजे साखर गेली’ या समजुतीने मधुमेही माणसाचे नुकसान होऊ शकते. फोडी निथळून, वजन करून, त्यांतली साखर हिशेबात धरणे हाच मार्ग.

वर्गात हा प्रयोग सहज करता येईल. भरलेला डबा, निथळलेले रसगुल्ले, गळलेला पाक आणि रिकामा डबा अशी चार वजने करावीत. शेवटच्या तिन्हींची बेरीज पहिल्याइतकी येते का, ते मुलांनीच पाहावे. थोडी कमी आली, तर चाळणीला चिकटलेला पाक आठवावा. मोजमापाचा पहिला धडा त्यातच आहे : आकडा लिहिण्याआधी तो कशाचा, हे लिहावे.